लहान मुलांची भूल आणि हृदयाचे ठोके

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, या महिन्यात तुम्ही बोला, विषय तुमचा." त्यांची अपेक्षा होती की मी मुदत ठेवी, नॉमिनेशन, फार तर मृत्युपत्र यावर बोलेन. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकणार? पण गेले पंधरा दिवस मी लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि आपल्या ग्रुपवर एकच चर्चा ऐकतोय. बी विंगमधल्या एका छोट्याचं ऑपरेशन ठरलंय. ऑपरेशन किरकोळ आहे, पण पूर्ण भूल द्यावी लागणार. आणि आपली मंडळी त्या पोराच्या आईला धीर देण्याऐवजी सांगायला लागलीत, "बघा हं, भूल जास्त झाली की मूल उठत नाही." कुणाच्या मामेबहिणीच्या दिराच्या मुलाचं असं झालं होतं म्हणे. म्हणून विषय बदलला.

मी डॉक्टर नाही, बी. कॉम. आहे. पण या एका विषयावर मी गेली सहा वर्षं मिळेल ते वाचतोय, त्याचं कारण पुढं सांगतो. हे भाषण लिहून झाल्यावर लहान मुलांच्या भुलीचं काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना वाचायला दिलं. त्यांनी दोन ठिकाणी लाल पेन मारला. त्या दुरुस्त्या केल्या आहेत.

आधी घरची गोष्ट. १९५९ साल. मी नऊ वर्षांचा, माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. त्याचे टॉन्सिल काढायचे होते. त्या काळी मोठं ऑपरेशन म्हटलं की लोक थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आजच्या सीपीआरला, नाहीतर रेल्वेनं मिरजेला वानलेसांच्या मिशन दवाखान्यात जायचे. टॉन्सिल म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम, म्हणून वडिलांनी त्याला गावातच एका खासगी ठिकाणी नेलं. डॉक्टरांचं आणि गावाचं नाव घेत नाही, घेण्याचं कारणही नाही. आईनं त्याला सांगितलं होतं, "फोटो काढायला जाऊ या." नवा सदरा घातला होता. आत गेल्यावर त्याला कळलं की हा काही फोटो स्टुडिओ नव्हे. चौघांनी धरलं. तारेच्या जाळीवर कापड, त्यावर बाटलीतून क्लोरोफॉर्मचे थेंब, ती जाळी तोंडावर. आई बाहेर बाकावर होती. तिनं त्याचं ओरडणं ऐकलं, आणि मग ते बंद झालेलं ऐकलं. तिला वाटलं, झोपला. तो उठलाच नाही. टॉन्सिलला हातसुद्धा लागला नव्हता.

आमच्या घरात त्यानंतर एकच वाक्य राहिलं, "भूल जास्त झाली." वडील ते रागानं म्हणायचे. आई ते म्हणायचीच नाही. ती म्हणायची, "मी त्याला फसवून नेलं." २००४ साली गेली तोवर म्हणायची.

आता जरा हृदयाकडं येऊ. आपल्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याची लय धरणारी जागा असते. हलगीवाला जसा कुस्तीचा ताल धरतो तशी ती ठोका देत राहते. या जागेला दोन बाजूंनी हुकूम येतात. एका मज्जातंतूकडून "सावकाश" असा, त्याला व्हेगस म्हणतात. दुसऱ्या बाजूकडून, भीती, धावपळ, वेदना यांच्या वेळी, "जोरात" असा. त्यात अॅड्रेनॅलिन येतं. मोठ्या माणसात ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही बऱ्यापैकी जुळलेले असतात. तान्ह्या मुलात ब्रेक चांगला तयार असतो, अॅक्सिलरेटरच्या तारा मात्र अजून पुऱ्या जोडायच्या असतात. त्यामुळं त्याचं हृदय चटकन मंद होतं.

मंद झालं तर बिघडतं काय? खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाचे ठोके बसल्या जागी पन्नास-पंचावन्न असले तरी त्याला काही होत नाही, कारण त्याचं हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं. तान्ह्या मुलाचं तसं नसतं. त्याची वाटी लहान आणि जवळजवळ ठरलेल्या मापाची. हौद भरायचा तर जास्त वेळा वाटी मारायला हवी. म्हणून नवजात बाळाचे ठोके मिनिटाला साधारण १२० ते १६० असतात. ते ६० वर आले तर आपल्या दृष्टीनं आकडा नॉर्मल दिसेल, बाळाच्या दृष्टीनं ते दिवाळं असतं.

आता भुलीची वाफ. १८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बोस्टनला ईथर देऊन ऑपरेशन झालं आणि पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्यापर्यंत पोचलं. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सननी क्लोरोफॉर्म आणला. वास गोड, परिणाम झटपट. दोन-तीन महिन्यांत पहिला बळी गेला, आणि तो एका मुलीचा. इंग्लंडच्या उत्तरेकडची हॅना ग्रीनर, वय १५. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. आधी एकदा तिला ईथर देऊन असंच नख काढलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं. २८ जानेवारी १८४८ ला क्लोरोफॉर्म दिला आणि काही मिनिटांत ती गेली. ती घाबरलेली होती अशी नोंद आहे.

मग वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की आधी हृदय? श्वास म्हणणारे म्हणायचे, छातीकडं लक्ष ठेवा, नाडी बघण्यात वेळ घालवू नका. हृदय म्हणणारे म्हणायचे, नाडीवरचं बोट उचलू नका. या वादाचा मोठा निवाडा झाला तो आपल्या शेजारी, हैदराबादला. आज आपण ज्याला मराठवाडा म्हणतो तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे त्या निवाड्याच्या खर्चात औरंगाबाद-बीड-परभणीचा शेतसाराही आला. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे, आणि फार हट्टी. १८८८ साली त्यांनी जनावरांवर प्रयोग करून सांगितलं की हृदयाला धोका नाही. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राला ते पटेना. तेव्हा निजामानं एक हजार पौंड देऊ केले आणि म्हटलं, तुमचा माणूस पाठवा. १८८९ साली लॉडर ब्रंटन नावाचे नामांकित डॉक्टर आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि दुसऱ्या कमिशननंही लॉरींच्याच बाजूनं कौल दिला. याच हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी तेव्हा क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. आपल्याकडं त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर हैदराबादच्या कमिशननं बेरीज बरोबर केली, पण एक व्हाउचर त्यांच्यापुढं आलंच नाही. ते व्हाउचर लंडनच्या गुडमन लेव्हींनी १९११ साली काढलं. त्यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्म खोल दिलेला असताना नव्हे, तर हलका असताना, आणि त्याच वेळी अंगात अॅड्रेनॅलिन उसळलं, तर हृदयाचे खालचे कप्पे ठोका द्यायचे सोडून नुसते थरथरतात. थरथरणारं हृदय रक्त ढकलत नाही. दोन-तीन मिनिटांत खेळ संपतो. क्लोरोफॉर्ममुळं हृदय अॅड्रेनॅलिनला फाजील संवेदनशील होतं, असा त्याचा अर्थ. भूल सुरू होताना, माणूस घाबरलेला, धडपडत असताना इतके मृत्यू का व्हायचे, याचा उलगडा तिथं झाला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलो. पंचावन्न-साठ वर्षं आमच्या घरात "भूल जास्त झाली" म्हणत होतो. कदाचित जास्त झालीच नव्हती. कदाचित अजून पुरेशी चढलीच नव्हती.

इथं लाल पेन आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, असं एका बाजूनं ठरवू नका. रडणारं मूल श्वास धरून ठेवतं, मग एकदम खोल ओढतं. त्या एका श्वासात क्लोरोफॉर्मची मोठी मात्रा आत जाते. म्हणजे जास्तही असू शकते. किंवा श्वासच अडला असेल." बरोबर आहे. कागद नाही, नोंद नाही, नाडीवर कुणाचं बोट होतं की नाही ठाऊक नाही. हे आई हयात असताना मला समजलं असतं तर मी तिला सांगितलं असतं का? मात्रा चुकली नव्हती, तो घाबरला होता, असं म्हणालो असतो तर तिच्या "फसवून नेलं"ला पुरावाच मिळाला असता. उशिरा कळलं हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं १९५१ साली इंग्लंडमधल्या आय. सी. आय. कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन बनवलं आणि १९५६ पासून ते माणसांना द्यायला सुरुवात झाली. ईथरसारखा पेट घेत नाही, मुलांना त्याचा वास सोसतो. त्यामुळं लहान मुलांच्या भुलीत ते राजा झालं. आपल्याकडं स्वस्त म्हणून ते अनेक वर्षं चाललं. लाखो मुलांची ऑपरेशनं त्यावर सुखरूप झाली हेही तितकंच खरं. पण क्लोरोफॉर्मचे दोन गुण त्यात थोडे उतरले होते. एक म्हणजे ते लयीची जागा सुस्त करतं आणि हृदयाचा जोरही कमी करतं. तान्ह्या मुलात हे जास्त दिसतं. दुसरं, अॅड्रेनॅलिनची तीच संवेदनशीलता. रक्त कमी जावं म्हणून सर्जन जखमेत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, त्याचं माप हॅलोथेनच्या वेळी फार जपून ठेवावं लागायचं. दात काढताना मुलांचे ठोके मध्येच चुकायचे, एखादा लवकर, दोन जोडीनं, असे. श्वास अपुरा होऊन अंगात कार्बन डायऑक्साईड साठला की ते आणखी वाढायचं.

आपल्या सोसायटीचं काम सुरू झालं त्याच सुमारास, २००० साली, अमेरिकेतून एक अहवाल आला. भुलीच्या वेळी मुलांचं हृदय बंद पडलं तर त्याची नोंद पाठवायची, असं साठहून जास्त रुग्णालयांनी १९९४ पासून ठरवलं होतं. पहिल्या चार वर्षांत भुलीशी संबंध लागणाऱ्या अशा १५० घटना निघाल्या. दर दहा हजार भुलींमागे १.४, हे प्रमाण लक्षात ठेवा आणि गच्चीवर सांगा. त्या १५० पैकी ३७ टक्के औषधामुळं, आणि औषधामुळं झालेल्यांपैकी दोन तृतीयांश हॅलोथेननं हृदय मंदावल्यामुळं, कधी एकट्या, कधी इतर औषधांच्या जोडीनं. निम्म्याहून जास्त मुलं एक वर्षाच्या आतली. मग १९९८ ते २००४ चा हिशोब आला, त्यात औषधामुळं झालेल्या घटना १८ टक्क्यांवर उतरल्या होत्या. मधल्या काळात हॅलोथेनची जागा सेव्होफ्लुरेननं घेतली होती.

आज कोल्हापुरात मुलांना बहुधा हेच मिळतं. भुलीच्या मशीनवर पिवळ्या खुणेचा डबा दिसला तर तो सेव्होफ्लुरेनचा, लाल असेल तर हॅलोथेनचा. जगभर हेच रंग चालतात. सेव्होफ्लुरेन झोंबत नाही, मिनिटभरात मूल झोपतं, अॅड्रेनॅलिनशी त्याचं भांडण बरंच कमी. सुरुवातीला मोठ्या मुलांचे ठोके उलट थोडे वाढतात. पण ते निर्दोष आहे असं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे ठोके ते सुरू करताना बऱ्याचदा मंदावतात. डायल कमी केला की बहुतेक वेळा सावरतात, पण डॉक्टरांना आधी माहीत हवं. आणखी एक. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला चार्ज करून घेतं. सेव्होफ्लुरेन हा चार्जिंगचा वेळ किंचित लांबवतं. शंभरातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना त्यानं फरक पडत नाही. पण काही घराण्यांत जन्मतःच हा वेळ लांब असतो, आणि तिथं ते महत्त्वाचं ठरतं. साधा ईसीजी काढला की बऱ्याचदा कळतं.

दुसरा लाल पेन इथं होता. भूल चालू असताना मुलाचे ठोके मंदावले तर भूलतज्ज्ञ पहिला संशय औषधाचा घेत नाहीत, ऑक्सिजनचा घेतात. मुलांच्यात ठोके पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण श्वास अपुरा पडणं हेच. आधी श्वास मोकळा, मग बाकीचं. म्हणजे हैदराबादचे लॉरी अर्धे बरोबर होते की! मी हे बाईंना म्हटलं तर त्या हसल्या.

आता माझं वाचन सुरू होण्याचं कारण. २०१९ मध्ये माझ्या चार वर्षांच्या नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मुलगा-सून शांत होते, मी नव्हतो. आदल्या दिवशी तपासणीला मीही गेलो आणि डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "भूल जास्त झाली तर?" त्या म्हणाल्या, "आजोबा, जास्त होऊ नये हे मी बघतेच. पण कमी असताना कुणी हात लावू नये, हेही मला बघावं लागतं." मला काही समजलं नाही. त्यांनी पंधरा मिनिटं खुर्चीत बसवून समजावलं. ओपीडी भरलेली होती, तरी.

पोराला खरं सांगितलं होतं. दवाखान्यात जायचं, मास्क लावायचा, झोप येणार, उठल्यावर पोटाला पट्टी असणार. फोटोबिटो नाही. आधी एक औषध पाजलं, त्यानं तो जरा गुंगला. सून त्याच्याबरोबर आत गेली, मास्क त्यानं स्वतः हातात धरला, झोपल्यावर ती बाहेर आली. तिच्या तोंडाकडं बघून मी बाकावरनं उठलो. "झोपला," ती म्हणाली. हा शब्द मी आधी कुठं ऐकला होता ते तिला माहीत नव्हतं.

दुपारी डॉक्टरबाईंनी मला भुलीचा चार्ट दाखवला. मंडळी, मी आयुष्यभर लेजर बघितली, पण असं लेजर नाही. दर पाच मिनिटाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साईड, डायल किती, सगळं ठिपक्यांनी. सुरुवातीला ठोके १३४. झोपल्यावर ११२, ११०, १०८. मग नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी एक ठिपका एकदम खाली, ६८. त्याला बाण काढून बारीक अक्षरात लिहिलेलं, की आतला भाग ओढल्यावर ठोके उतरले, सर्जनना सोडायला सांगितलं. पुढचा ठिपका १०४.

मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, हर्नियाची पिशवी ओढली की व्हेगसचा ब्रेक लागतो. तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ओढला तरी हेच होतं, ते १९०८ पासून माहीत आहे. सर्जननी हात सोडला की बहुधा आपोआप येतं. नाही आलं तर अॅट्रोपिन भरून ठेवलेलं असतं. "किती वेळ होतं ते ६८?" "अर्धं मिनिट." आणि म्हणाल्या, ठोक्याचा आवाज खाली यायला लागला की आमची मान आपोआप वळते, स्क्रीन नंतर बघतो.

तो एक ठिपका मी बराच वेळ बघत होतो. एकोणसाठ साली असा कागद असता तर आमच्या घरात साठ वर्षं कोण कोणाला दोष देत बसलं असतं?

बी विंगच्या ताईंसाठी थोडं कामाचं सांगतो, बाकीच्यांनीही ऐका, नातवंडं सगळ्यांना आहेत. तपासणीच्या दिवशी आजी-आजोबांनीही जावं, कारण घराण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, पोरांना नसतो. घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल, कुणाला पळताना किंवा दचकल्यावर चक्कर येत असेल, तर सांगा. "नजर लागली" म्हणून विषय बंद करू नका. भूल दिल्यावर कुणाला ताप भडकला होता, कुणाला स्नायूंचा आजार आहे, तेही सांगा. तसं असेल तर या वाफा मुळीच न देता शिरेतून भूल देतात. मुलाच्या हृदयाला भोक आहे, पूर्वी डॉक्टरांनी छातीत आवाज ऐकलाय, तो कागद बरोबर न्या. गेल्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी-खोकला झाला असेल तर लपवू नका, तारीख गेली तर जाऊ दे. उपाशी ठेवायला सांगतात ते साधारण असं असतं: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास, तुमचे डॉक्टर सांगतील ते अंतिम. आणि आजीनं पहाटे गुपचूप दिलेला अर्धा कप दूध-बिस्किट ही भुलीतली सगळ्यात वाईट माया आहे. दिलं असेल तर निदान कबूल करा.

मुलाला काय सांगायचं ते आईवडिलांनी ठरवावं. फोटो काढायला जातोय असं मात्र सांगू नये.

नातवाच्या त्या चार्टची झेरॉक्स मी मागून घेतली होती, ती माझ्याकडं फाईलमध्ये आहे. कुणाला बघायची असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर या. लिफ्ट बंद असली तर माझा मजला तिसरा आहे, सावकाश या. चहा घेऊ आणि बघू.